राखेचं बगदाद

पासली गावातल्या आमच्या जमिनीवर दोन खोल्या बांधायचं ठरलं, तेव्हा बायकोची अट एकच होती. स्वयंपाकघर ऐसपैस हवं, भाकरी थापताना कोपर भिंतीला लागता कामा नये. मला हवी होती वाचनाची खोली. मी वाचतो कमी आणि सांगतो जास्त, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा मी बगदाद सांगत होतो. खलिफाला नवी राजधानी वसवायची होती. त्यानं ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढला, गोल शहराचा नकाशा जमिनीवर राखेनं आखून घेतला. मग रेघांवर तेलात भिजवलेली सरकी ठेवून पेटवली आणि जळत्या रेघांत आपलं शहर बघून घेतलं.

“गोल घरात कपाट कुठं टेकवायचं?” बायकोनं विचारलं.

म्हणून घर चौकोनी ठरलं. आखणी मात्र बगदादी! भोरचा गवंडी आखणीची चुन्याची फक्की घेऊन यायच्या आत मी शेजारच्या काकींच्या म्हशीची सरकी पळवली, तेल शिंपडून रेघांवर मांडली. ती नुसतीच धुमसली. वर पाला, पेंढा, शेणी टाकल्या, तेव्हा कुठं राजधानी पेटली. बायको स्वयंपाकघराच्या रेघांत जाऊन उभी राहिली.

“हितं एक तर मी मावंन, न्हाईतर परात.”

“खलिफाला असं कुणी बोललं नव्हतं.”

“त्याच्या बायकूला इचारलं व्हतं का कुणी?”

नंतर मी सिमेंटच्या मागे पंधरवडाभर भोरला अडकलो. गवंड्याला घेऊन परतलो, तर माझ्या भिंती हिरव्यागार! आखणीच्या वेळी काकी विंझरला लेकीकडे गेल्या होत्या. आल्या आल्या त्यांना राखेचे पट्टे दिसले. आमच्याकडे भाताचं बी पेरायला जमीन अशीच पाला-शेण जाळून भाजतात, त्याला राब म्हणतात. काकींनी बी फेकलं, वळवानं बाकीचं केलं.

“लई चिंचोळा भाजलास रं राब,” काकी म्हणाल्या, “पर उगवलाय झ्याक. आन् म्हशीची सरकी कुठं गेली?”

गवंड्यानं फावडं खांद्यावरून उतरवलंच नाही. “उगवत्या भातावर म्या हत्यार चालवणार न्हाई.”

रोपं उपटून लावणी झाली, पण तोवर पाऊस ठाण मांडून बसला आणि काम दसऱ्यावर गेलं. रोपं उभी होती तोवर बायको रोज परात घेऊन त्या हिरव्या भिंतींत बसून बघायची. दसऱ्याला गवंड्यानं फक्की टाकली ती तिनं बोट दाखवलं तिथून. वाचनाची खोली स्वयंपाकघरानं गिळली.

हे मी ओट्याच्या टोकाला बसून लिहितोय. भाकऱ्या मोकळ्या हातानं थापल्या जातायत. भिंतीला लागतंय ते माझं कोपर.