लढाई फुकट वाटणारे

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ बँकेच्या दारात एक रखवालदार उभा असतो. माजी सैनिक. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याचीही आता चीड येते. मिशी पांढरी, बूट चकचकीत. शेजारी खुर्ची असते, पण तिच्यावर तो बसलेला मी पाहिला नाही. सकाळी दहाला समोरच्या टपरीवर येतो, उभ्यानेच चहा पितो आणि रिकामा ग्लास स्वतः विसळून ठेवतो.

त्या दिवशी टपरीच्या टीव्हीवर सीमेच्या बातम्या चालल्या होत्या. गार स्टुडिओत बसलेला निवेदक घसा फाडून युद्ध मागत होता आणि इकडे आम्ही भजी खात त्याला साथ देत होतो. सगळ्यात मोठा आवाज माझा. "घुसा म्हना एकदाव! येवढी फौज काय परेड कराले ठेवेल शे का?"

त्याने ग्लास विसळला, पालथा घातला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, तुमना घरमाईन कोन शे फौजमा?"

"कोनी नही."

"फौज पगारी शे ना, म्हनीसन तुमले लढाई फुकट वाटस."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. रस्ता ओलांडून तो पुन्हा दारात उभा राहिला. "फौजी तापटच ऱ्हातस," म्हणत सगळे हसले. मी मात्र संतापाने भजीची प्लेट बाजूला सारली. संताप त्याच्यावर नव्हता. मागच्या वर्षी माझा पोरगा फौजेच्या भरतीसाठी पहाटे पळायला जायचा, तेव्हा त्याचे बूट मीच माळ्यावर लपवले होते.