काका, जरा हळू बोला ना

मंडळी, आज माझीच मला लाज वाटतेय.

आमच्याकडची बिअरची फॅक्टरी बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथल्या जुन्या कामगारांच्या आठवणी मी रेकॉर्ड करतेय. आज सकाळी उलव्याला एका काकांकडे गेले होते. बाटल्या भरायच्या मशीनवर त्यांची सगळी नोकरी झाली.

काका रंगात येऊन सांगत होते, पण इतक्या मोठ्याने की रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटत होता. मी आपली सारखी, "काका, जरा हळू बोला ना." शेवटी बोलले हळू. मग नुसतं "हो" नाहीतर "नाय". मला वाटलं, दमले असतील.

निघताना काकी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "बाटल्यांच्या आवाजानं कान गेले गो त्यांचे. हलू बोलले का त्यांना सोताचाच आयकू येत नाय. मंग गप बसतात."

फॅक्टरीने माणसाचं काय केलं, हेच तर विचारायला गेले होते. त्याचं उत्तरच समोर बसून ओरडत होतं, आणि मी त्यालाच गप्प केलं. माईक थोडा लांब ठेवला असता तरी भागलं असतं.

रविवारी परत जायचंय. कोणत्या तोंडाने सांगू, की काका, आता मोठ्याने बोला?