आत माणसं आहेत

आमच्या दुकानात गोष्टी सांगायला कोणी येत नाही. लोक बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन येतात, तो कसा बंद पडला ते सांगतात आणि सांगता सांगता स्वतःवर येतात. मी कमी बोलतो, म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे. आठ वर्षांत बरंच साचलंय. त्यातलं थोडं इथे काढून ठेवतो.

दुकान देवासला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मालक आबा. आधी त्यांची टायपिंगची शाळा होती, मग कॉम्प्युटर टायपिंग, आता रिपेअरिंग. मागच्या खोलीत त्यांनी आजवरची सगळी जुनी मशिनं ठेवली आहेत आणि ती चालू ठेवायचं काम माझं. लोक म्हणतात, आबांना जुन्याचा शौक. आबा म्हणतात, "शौक कसला? ज्याचं नाव त्यात लिहिलंय त्याचा तो हक्क आहे. मी नुसती राखण करतो."

*

एका शाळेचे बाबूजी जुन्या निकालांच्या सीड्या घेऊन आले. एका मुलीला नोकरीसाठी आठवीचा निकाल हवा होता आणि शाळेचं रजिस्टर भिजून गेलं होतं. बघतो तर सगळ्या सीड्या फायलीच्या नाडीत ओवून घट्ट बांधलेल्या. वर्षानुवर्षं एकमेकींवर घासून पार पांढऱ्या पडलेल्या. एकही वाचली गेली नाही.

आबांनी विचारलं, सीडी अशी कोण बांधतं?

बाबूजी म्हणाले, "अब छेद तो कंपनी ने ही देके रखा था, भिया. हमने तो बस नत्थी किया."

मुलगी बाहेर स्कूटीवर बसून होती. तिला आबांनीच जाऊन सांगितलं.

*

इंदूरहून दोन पोरं आली, नवीन कॅफे काढणारी. त्यांना सजावटीला जुने कॉम्प्युटर हवे होते. चालू नसले तरी चालतील, आतलं सगळं काढून द्या, आम्ही त्यात झाडं लावणार, असं म्हणाली. वागायला चांगली होती, आबांच्या पायाही पडली.

आबांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "आतलं काढता येणार नाही. आत माणसं आहेत."

पोरं हसली. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

*

मुन्ना भिया भंगारवाला. महिन्यातून एकदा मागच्या खोलीत डोकावून विचारायचा, "आबा, ये कबाड़ कब दे रिये हो?" आबा त्याला शिव्या देऊन हाकलायचे. हा दोघांचा ठरलेला खेळ.

एकदा तो आला आणि काहीच न मागता बसून राहिला. त्याची वस्ती हलवणार होते. जुन्या सर्वेत बापाचं नाव असेल त्यालाच नवीन घर. तो सर्वे एका सरकारी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि ऑफिसने तो भंगारात काढला होता.

आबा म्हणाले, अरे, मग शोधू, कोणी घेतला असेल तो. मुन्ना भियाने नकाराची मान हलवली. त्या कॉम्प्युटरवर देवासच्या टेकडीवरच्या मातेचं स्टिकर होतं, त्याला चांगलं आठवत होतं. आतली तांब्याची तार काढायला त्याने स्वतःच तो फोडला होता.

"हथौड़ा भी मेरा ही था, आबा."

त्यानंतर त्याने आमच्याकडे भंगार मागितलं नाही.

*

आता कमलाबाईचं. ही धार जिल्ह्यातल्या गंधवानीकडची, भिल्ल, विधवा, साठीच्या आसपासची. जंगलखात्याच्या जमिनीचा एक तुकडा तिचं घर पिढ्यान्‌पिढ्या कसतंय. त्याचा पट्टा, म्हणजे हक्काचा सरकारी कागद, मिळावा म्हणून गावाने दावे भरले, तेव्हा त्यांना मदत करणाऱ्या संस्थेचं ऑफिस आमच्या दुकानाच्या वर होतं. म्हणून गावाची यादी आबांनीच टाइप केली. पुढे संस्था बंद झाली आणि यादीची फाइल सरकारी ऑफिसात जाऊन पडली.

काही वर्षांनी ती तिथल्या नव्या कॉम्प्युटरवर उघडली. त्यात जुना हिंदी फॉन्ट नव्हता. फॉन्ट नसला की हिंदी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसतात. 'कमला' दिसतं डी, ई, वाय, के. ऑपरेटरने ते इंग्रजी समजून वाचलं आणि नव्या यादीत चढवलं: डेयक. सगळं गाव त्याने असंच चढवलं, बापा-नवऱ्यांच्या नावांसकट.

पुढे तो ऑपरेटर मला भेटला. भला माणूस. इतकी नावं लिहिताना शंका आली नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आदिवासी नाम थे. मुझे लगा, ऐसे ही होते होंगे."

बाकीच्यांनी दावा भरल्याची जुनी पावती दाखवून नावं सुधारून घेतली. कमलाबाईची पावती वाळवीने खाल्ली होती. तिला सांगितलं, दावा डेयकच्या नावावर आहे, डेयकला घेऊन या.

*

भाच्याला घेऊन ती देवासला आली तेव्हा आबांनी मागच्या खोलीतलं तेच मशीन चालू केलं ज्यावर यादी टाइप झाली होती. फाइल होती. मग आम्ही ते मशीनच धारच्या सरकारी ऑफिसात न्यायचं ठरवलं. दोन बस बदलल्या. मॉनिटर आबांच्या मांडीवर, सीपीयूचा डबा माझ्या.

साहेबांच्या टेबलावर ते चालूही झालं. यादीत 'कमला' स्वच्छ दिसत होतं. कमलाबाईला वाचता येत नाही, तरी मी बोट ठेवलं तिथे तिने वाकून बघितलं.

साहेबांचं लक्ष तारखेकडे गेलं. जुन्या मशीनची आतली बॅटरी संपली की त्याचं घड्याळ पार मागे जातं.

"इसमें तो आज एक जनवरी उन्नीस सौ अस्सी है," ते म्हणाले. "तब तो मैं पैदा भी नहीं हुआ था. इसकी बात कैसे मान लूँ?"

मी म्हटलं, मशीन राहू द्या, तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतात ती इंग्रजी अक्षरं मला तशीच वाचता येतात, डोळ्यांना सवय झालीय. त्यांनी माझं शिक्षण विचारलं. मी आठवी सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

परतताना बसच्या धक्क्यांनी मशीन गेलं. ते पुन्हा चालू झालं नाही.

*

शेवटच्या सुनावणीला आबांना जमलं नाही. मी, कमलाबाई आणि भाचा, तिघंच. साहेब बदलले होते. दाराशी शिपाई तीनदा नाव पुकारतो आणि तिसऱ्या हाकेला कोणी उठलं नाही तर दावा खारीज.

बाकावर बसल्या बसल्या तिने मला विचारलं, कागदात माझं नाव काय आहे आणि त्यांचं काय आहे? त्यांचं म्हणजे नवऱ्याचं. त्याचं नाव मगन. तिच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. प्रत्येक ऑफिसात ती गप्प राहायची आणि भाचा सांगायचा. मी दोन्ही नावं कागदात होती तशी, बिघडलेलीच, वाचून दाखवली. तिने ती दोनदा म्हणवून घेतली.

शिपायाने पुकारलं, "डेयक बाई!" मी भाच्याकडे पाहिलं, भाच्याने माझ्याकडे.

दुसऱ्यांदा पुकारलं.

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा कमलाबाई उठली, पदर सारखा केला आणि आत गेली. मागोमाग आम्ही.

बाबूने मान वर न करता विचारलं, "डेयक?"

"हाँ साब. मैं ही हूँ."

"पति का नाम?"

भाच्याने तोंड उघडलं. तिने हात करून त्याला थांबवलं आणि स्वतः म्हणाली,

"एक्सू."