दाजींनी न केलेली सही

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं हवाई दलात लढाऊ विमानं दुरुस्त करतायत. माझं हार्डवेअरचं दुकान. तरी देशाने कोणती नवी विमानं घ्यावीत यावर घरात तोंड चालतं ते माझंच. उथळ पाण्याला खळखळाट फार. एका इंजिनाचं स्वस्त की दोन इंजिनांचं महाग, हा टीव्हीवरचा वाद दाजींची लेक, माझी भाची, शाळेत होती तेव्हापासूनचा. आता ती वैमानिक झाली आणि दाजी दुरुस्त करतात तीच जुनी विमानं उडवते, वाद आहे तिथेच आहे. दाजींना मत विचारलं की म्हणतात, मीठ दे.

त्या विमानांचे सुटे भाग आता कुठेच बनत नाहीत. म्हणून हँगरमध्ये एक विमान कायमचं उभं केलंय. त्याचा भाग काढायचा, दुसऱ्याला बसवायचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. त्याला सगळे 'दानशूर' म्हणतात. गेल्या आठवड्यात दानशूराकडेही द्यायला काही उरलं नाही. भाचीच्या विमानाचा इंधनपंप झिजला होता, आणि ते उडवायला सोडणारी सही दाजींनी केली नाही. साहेबांनी आधी समजावलं, मग झापलं. दाजी ऐकून घेत राहिले. भाचीने तर अबोलाच धरला. बापाने लेकीला घरी बसवलं, असं सगळे म्हणणार, हे तिला झोंबलं होतं. दाजी इतके थकलेले मी कधी पाहिले नव्हते, आणि मला त्यांची फार काळजी वाटली.

काल जेवताना टीव्हीवर बातमी आली: विमानखरेदीच्या जुन्या समितीचा अहवाल तपासायला नवी समिती. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाची बोलली.

"बाबा, उद्या मला दुसरं विमान दिलंय. सही दुसऱ्याने केलीय."

दाजींचा घास हातातच राहिला. "त्याचा पंप बघितला कुणी?"

"सगळी एकाच वयाची आहेत, बाबा. कुणीतरी उडवायला हवंच ना."

दाजींनी ताट सारलं, हात धुतले आणि बूट घालायला बसले. जेवून तरी जा, असं बहीण म्हणत राहिली. पंप खोलून बघतो एकदा, एवढंच ते म्हणाले. मग दारातून माझ्याकडे वळले.

"एका इंजिनाचं घ्या, नाहीतर दोन इंजिनांचं. पोरीच्या निवृत्तीआधी येऊ दे, एवढंच."