घरी पोचला की रन

मंडळी, आज संध्याकाळी इथे आखातात, सीबच्या किनाऱ्यावर माझी लेक इरा आणि शेजारचे रफीकभाई बेसबॉलवरून भांडत होते. सध्याचा सगळ्यात भारी खेळाडू कोण? इरा चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या बाजूने, तर क्रिकेटवेडे रफीकभाई लांब मारणाऱ्याच्या.

"पण यात रन होतो कसा?" मी विचारलं.

इरा मराठी जुळवत म्हणाली, "बॅटर घरातून निघतो. तीन बेस, म्हणजे थांबे, फिरतो. मध्ये अडकला तर दुसरा कुणी लांब मारेपर्यंत तिथेच. मग परत घरी येतो. तेव्हा रन."

बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटचं तिने सरळ घर करून टाकलं.

रफीकभाई समुद्राकडे बघत राहिले. पलीकडे कुठेतरी त्यांची रत्नागिरी. "मग घरी पोचला तोच एक नंबर गो," ते हळूच म्हणाले. "खलास."

पाणी गुलाबी होत गेलं. रफीकभाई आणि मी, दोघं आपापल्या बेसवर उभे, कुणीतरी लांब मारेल म्हणून.

तुम्ही कितव्या बेसवर आहात?