खुर्ची, माझे पाय आणि केनवडचं स्थळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझ्या लग्नाचा प्रश्न आहे आणि तो मी अजूनही गंभीरपणे घेतो. ही फजिती मी सहसा कुणाला सांगत नाही. पण तुम्ही चहा पाजलात, आता इलाज नाही!

मी तेव्हा मालेगावच्या एका जिनात कारकून होतो. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. आम्ही कारकून गादीवर मांडी घालून बसायचो. पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, पाठीशी तक्क्या. दुपारी तक्क्याला टेकून जरा विचार करायचा. कधीकधी विचार इतका खोल जाई, की त्याचा आवाज अंगणापर्यंत ऐकू येई.

हे सुख आमच्या धाकट्या मालकांना बघवलं नाही. ते मुंबईला शिकून आले होते आणि मनाने फार चांगले होते. चांगल्या मनाच्या मालकासारखा ताप दुसरा नाही! आल्या आल्या म्हणाले, "माणसांना जमिनीवर बसवून काम घ्यायचं? छे! माझ्या हापिसात प्रत्येकाला टेबल-खुर्ची मिळेल."

रहीमचाचा सुताराने सागवानी खुर्च्या केल्या. माप घेतलं मालकांचं, आणि मालक ताडासारखे उंच. मी बसलो तर पाय झोपाळ्यावरच्या पोरासारखे लोंबकळू लागले. थोड्या वेळाने त्यांना मुंग्या, मग कमरेला कळ.

"चाचा, खुर्ची उंच झाली ना!"

"खुर्ची बराबर हाय, बाबूजी," चाचा शांतपणे म्हणाला. "तुमीच कमी पडून राह्यले."

मालक रोज येऊन विचारत, "आराम आहे ना?"

"फारच आराम!" आम्ही एका सुरात सांगत असू. एवढ्या हौसेने दिलेलं सुख परत कसं करायचं? शेवटी आम्ही तोड काढली. मालकांची पाठ फिरली की पाय वर घेऊन खुर्चीतच मांडी घालायची. वरून कोट-टोपी, खाली धोतराचा बोंगा!

तशात मला केनवडचं स्थळ आलं. माझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जाऊ लागली होती, आणि मी अजून आईच्याच हातची भाकर खात होतो. मुलीचे वडील तात्या, चांगले शेतकरी. पूर्वी त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण 'मुलगा खुर्चीवर बसते' ही बातमी बाजारातून केनवडला पोचली, आणि तात्या मला पाहायला थेट हापिसात आले.

मी मांडीत होतो. मुंग्या येऊन केव्हाच्या गेल्या होत्या. कमरेखाली काही आहे, याचीच आठवण उरली नव्हती.

तात्यांनी टेबलाखाली नजर टाकली. टेबलाचे पाय दिसले, खुर्चीचे दिसले. माझे? कुठेच नाहीत! म्हातारा वाकून पुन्हा पाहू लागला.

"बापू," ते घसा खाकरून म्हणाले, "जरासे उभे राहा बरं."

होणाऱ्या सासऱ्यांचा पहिला हुकूम! मी तत्परतेने खाली उडी घेतली. म्हणजे मी घेतली, पायांनी घेतली नाही. दौतीसकट मी तात्यांच्या अंगावर कोसळलो.

आवाज ऐकून धाकटे मालक धावत आले. आता तरी गप्प राहावं की नाही माणसाने?

"उचला त्यांना, खुर्चीत बसवा!" मालक तात्यांना अभिमानाने सांगू लागले, "आमच्या हापिसात माणसाला उठायची गरजच पडत नाही!"

तात्या पाणीसुद्धा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोरगा पांगळा आहे, सोयरीक जमत नाही.

आईने डोक्याला हात लावला. "मी याले पाय असलेलाच जल्माले घातला होता रे! हापिसात कुठं टाकून आला?"

मालकांना फार वाईट वाटलं. म्हणजे माझ्यावर आणखी एक उपकार येणार हे ठरलं. "तुम्ही केनवडला चालत जा," ते म्हणाले. "पाहू दे त्यांना पाय! आणि हे घ्या, अनवाणी गेलात तर हापिसाची काय इज्जत?" त्यांनी आपले विलायती बूट माझ्या हातात दिले.

जन्मात मी बूट घातला नव्हता. मालकांची वस्तू खराब नको म्हणून सगळी वाट ते गळ्यात अडकवून चाललो, आणि केनवडच्या शिवेवर निंबाखाली बसून घातले. उठलो, आणि काय सांगू! मी निघालो गावाकडे, एक बूट निघाला रिसोडला आणि दुसरा मेहकरला. दर पावलाला ठेच. पडत-झडत, भिंतीला धरत मी तात्यांच्या दारी पोचलो, तेव्हा मागे अर्धं गाव होतं.

"आला ना बापा लंगडा!" कुणीतरी हळहळलं.

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापू, येवढे हाल कायले केले? बैलबंडी धाडली असती ना मी."

"तात्या, माहे पाय चांगले हायत!"

"हाव ना, दिसूनच राह्यलं." त्यांनी मला धरून ओसरीवर बसवलं. "जेवून जा. पण लंगड्याले पोरगी देऊ कशी? तुमीच सांगा."

संपलं, असं मनात म्हटलं. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून खणखणीत आवाज आला.

"बाबा, ते लंगडे नाहीत. त्याइनं बूट उलटे घातले हायत. डाव्या पायातला उजव्यात!"

सगळ्या गावाने माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मुकाट्याने बूट काढले, अंगणात उतरलो आणि घोड्यासारखी एक फेरी मारून आलो.

तात्यांनी माझे पाय निरखले. मग त्यांची नजर सावकाश वर चढली आणि माझ्या टोपीपाशी थांबली.

"पाय तं ठीक हायत," ते चिंतेने म्हणाले. "म्हंजे मंग खोट वर हाय."

दाराआडून पुन्हा आवाज आला, "वरचं मी पाहून घीन."

लग्न झालं. ती अजून पाहतेच आहे. तिच्या मते फरक काही नाही.