बांडगुळाचे वकील

अख्ख्या अष्टागरात बांडगुळाची बाजू घेणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या घरात राहायचा. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, किहीमला आमच्याकडे घरजावई होते. गावानं त्यांचं नाव बांडगूळ ठेवलं होतं. दुसरा असता तर तोंड लपवून बसला असता. आतोबांनी वाडीतल्या आंब्यावरचं खरं बांडगूळच अभ्यासाला घेतलं आणि भेटेल त्याला ऐकवू लागले, की त्याची पानं हिरवी असतात, अन्न ते स्वतः शिजवतं, आंब्याकडून घेतं ते पाणी.

त्याचं चिकट बी त्यांनी फांदीला लावलं, तुळईला लावलं, छत्रीच्या लाकडी दांड्यालाही लावलं. छत्रीवरच्या बीनं हिरवा कोंब काढून दांड्यावर पाय रोवला, तेव्हा त्याला धक्का नको म्हणून आतोबा मिटलेली छत्री हातात धरून भर उन्हातून हिंडले. पुढे तो कोंब वाळला. पाय कुठंही रोवता येतो, आत शिरायला जिवंत झाड लागतं, असं म्हणून त्यांनी छत्री उघडली. मग एकोणीसशे तीस सालानंतर कधीतरी त्यांनी एका मासिकात वाचलं, की झाडाच्या कोवळ्या शेंड्यात एक रस तयार होतो आणि तो खाली उतरून वाढीचा हुकूम देतो. झालं. आतोबांनी त्याचं 'हुकूमरस' असं बारसं केलं आणि शिडी लावून आंब्यावर चढले. बांडगूळ फांदीत शिरतं तिथे नारळाएवढी गाठ आली होती. ती आंब्याच्या हुकमानं फुगली की बांडगुळाच्या, यावर ते रोज वडिलांचं डोकं खात.

आत्या गेली. तेराव्यानंतर घरजावयानं आपली वाट धरावी, असं गाव उघड बोलू लागलं. त्या फांदीला मोहोर येईनासा झाला होता, त्यामुळे वडील आधीच चिडलेले. त्यांनी गड्याला कोयता देऊन आंब्यावर चढवलं. आतोबा बुंध्याला पाठ लावून उभे राहिले.

"मी हलणार नाही," ते वडिलांना म्हणाले. "मला काढायचं तर तोंडानं काढा. त्याच्यावर कोयता कशाला?"

वरून गडी वडिलांना म्हणाला, "अण्णा, आंबा कुठं सरला न बांडगूल कुठं लागला, कलत न्हाय. घाव कुठं घालू?"

वडील बराच वेळ त्या गाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी गड्याला खाली बोलावलं आणि म्हणाले, "भावोजी, चला, पानं वाढलीत."

हुकूम कोणाचा, ते आतोबांना शेवटपर्यंत सापडलं नाही. पण आत्या गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेले आतोबा त्या दुपारी पहिला घास हातात धरून रडले, आणि शेजारी बसलेल्या वडिलांनीही हातातला घास परत पानात ठेवला.